न चिकटणारा साचा

२६ सप्टेंबर २००६

चढला एकदाचा. अंबरनाथला आमच्या भट्टीत कोटिंग भाजलेला साचा आज उल्हासनगरला, मुकेशशेठच्या चप्पल कारखान्यात प्रेसवर बसला. तापलेल्या साच्याला रबराचा सोल चिकटू नये – एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. तिच्यापायी माझी दोन वर्षं गेली. शेठ म्हणाले, "मॅडम, साबणाचं पाणी मारलं तरी माल निघतोच ना. तुमचं महागवालं पाणी वेगळं काय करणार?"

विज्ञानाचा एवढा गौरव बीएस्सी झाले तेव्हाही झाला नव्हता.

२८ सप्टेंबर

सोल नुसत्या हातानं सुटतायत. साच्यात चिकटलेलं रबर खरवडणं हे तिथे माझ्या धाकट्या भावाचं, हिरामणचं काम. आज तो स्टुलावर बसून होता. "ताई, छान केलंस. आता मी काय खरवडू, डोकं?" हसत म्हणाला. मीही हसले. मांजर्लीला घरी पोचेपर्यंत ते हसू आंबलं.

चाचणी यशस्वी व्हावी असं मला वाटतंय का? चाचणी घेणाऱ्यानं काही वाटून घेऊ नये, असं मीच नव्या लोकांना शिकवते.

३ ऑक्टोबर

सोल चिकटले. सगळे.

विक्रांतसाहेब – आमचे मालक, वयानं माझ्या भाच्याएवढे – म्हणाले, "रिपोर्ट द्या. कोटिंगचा दोष असेल तर हे कामच बंद करू." दिलासा देण्याची त्यांची ही पद्धत.

४ ऑक्टोबर

पाहून आले. साच्यावर तारेच्या ब्रशचे ओरखडे. कोटिंग निघालेलं नाही, काढलेलं आहे.

हिरामणनं बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन सांगितलं. खंडेनवमीला कामगारांनी प्रेसची पूजा केली. साच्याच्या पोटातही हळद-कुंकू घातलं, तो नवा म्हणून जरा जास्तच. दसऱ्यानंतर प्रेस तापली आणि कुंकू भाजून बसलं. "तू पूजेत नव्हतास ना, मग तू साफ कर," असं बाकीच्यांनी ठरवलं. आम्ही बौद्ध, पूजेला हात लावत नाही. ती पुसायला मात्र आम्ही चालतो. आणि माझ्या भावानं सवयीनं तारेचा ब्रश उचलला.

सवयीनंच ना? मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

निघताना शेठ म्हणाले, "कुणी हात लावला असेल तर नाव सांगा. आजच घरी पाठवतो." सत्याची केवढी ही तळमळ.

५ ऑक्टोबर

नोकरीत आजवर एक खोटा आकडा लिहिला नाही. लोक चिडवतात, ही चहात साखरही तोलून घालते. आज लिहिलं: 'कोटिंग उष्णतेला टिकलं नाही.' सुवाच्य अक्षरात, खाली सही. दोन वर्षं एका ओळीत आटोपली. आमच्या कंपनीत इतक्या झटपट काहीच होत नाही. एक प्रत साहेबांना, एक शेठना.

हिरामणला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं आभार मानले असते, आणि ते मला झेपले नसते.

६ ऑक्टोबर

सकाळीच हिरामण शेठसमोर जाऊन उभा राहिला. "कोटिंग चांगलं होतं. ब्रश मी मारला. ताईचं काम बुडवू नका."

शेठचा मला फोन. "मॅडम, तुमचा रिपोर्ट टेबलावर आहे, तुमचा भाऊ समोर आहे. दोघांत खोटं कोण बोलतंय?"

"मी," म्हटलं.