निळ्या कुंडीतली घटपर्णी

मुंगीबाई,

डोळे मिट आणि समज, तू घटपर्णीचं झाड आहेस. उंच डोंगरावर जन्मलीस. दिवसा ऊब, रात्री गार वारा. त्या गारव्यातच तुझ्या पानांच्या टोकांना सुरया धरतात आणि गोडाला भुललेल्या मुंग्या आत पडतात. मग एका म्हाताऱ्याने मायेपोटी तुला उचलून हीटरशेजारी ठेवलं. काय करशील? पानं काढशील, पण सुरई एकही धरणार नाहीस.

आजीच्या निळ्या कुंडीतल्या झाडाचं मी तेच केलं. ती गेल्यावर गॅलरीतून आत घेतलं. थंडीचं निमित्त होतं; खरं तर रात्री खोलीत कोणीतरी असावं असं वाटलं. पाच महिन्यांत नवी सुरई नाही, आता शेंडाही सुकू लागलाय.

आज सकाळी आजीची वही उघडली. तिने लिहिलंय, तिच्या दोन घटपर्णींपैकी लाल कुंडीतली सखल, उबदार प्रदेशातली आहे, तिला अठरा अंशांखाली सोसत नाही. ती आतच राहू दे. निळीतली डोंगरावरची मात्र दहा अंशांपर्यंत खुशाल राहते. मी तपासणीसाठी दोन रात्री दवाखान्यात आहे. शाळेतून आलीस की निळी कुंडी गॅलरीत ठेव. माझ्या हातून ते होईना.

काल तू म्हणालीस, "आजोबा, थंडी झाडाला नाही, तुम्हाला वाजते." मी खेकसलो, "फार शहाणी झालीस." तू खुंटीवरचा तुझा मफलर काढलास आणि माझ्या गळ्याभोवती गुंडाळलास.