न घेतलेली गोळी

प्रिय आदेश,

चारचौघांत तुला ‘अहो’ म्हणते, पण आज ‘तू’च म्हणणार. फोनवर हा विषय निघाला की नेमकं तिकडे शहापूरलाच नेटवर्क जातं, म्हणून लिहिते आहे. इथे माहेरी, वैशाखऱ्यात, आई विचारते, जावई का फिरकत नाहीत? कामाची गडबड, असं सांगते. खोटं बोलायला मी तुझ्याकडूनच शिकले, असं हल्ली वाटतं.

पोटात बाळ म्हणून रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला, तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त रडलास. तुझाही रिपोर्ट तसाच आला. दोघांना एकदमच कळलं, असं मी धरून चालले. मी गोळी एकदाही चुकवली नाही, तरी रक्तातला विषाणू हवा तसा कमी होईना. आधी मला दवाखान्याचा संशय आला, मग गोळ्यांचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त मुंबईला पाठवलं. परवा त्यांनी समजावलं. हा विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि नकलेत चुका करतो. कुणी गोळ्या मधेच सोडल्या, की त्यातली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते, आणि मग ती गोळी त्याला मारत नाही. माझ्या रक्तातला विषाणू एका जुन्या गोळीला असाच निर्ढावलेला आहे. ती गोळी मी कधी घेतलेलीच नाही, म्हणजे तो निर्ढावूनच माझ्यात आला.

मग घेतली कुणी? लग्नानंतर तू रोज जेवल्यावर ‘पित्ताची’ गोळी घ्यायचास. धाऊ भगताचा झाडपाला सुरू झाला की ती बंद. “भगताचं पथ्य हाय गो, इंग्लिश औषद चालाचं नाय,” म्हणायचास. झाडपाला संपला की तुझं पित्त परत हजर! तुझं पित्तसुद्धा भगताला विचारून उठतं, म्हणून मी हसायचे. बाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. मी मनातल्या मनात घेतलं. तुला लग्नाआधीपासून माहीत होतं ना? फार राग आलाय मला, आदेश. रडूही येतं.

पण हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. बाईंना माझं औषध बदलायचं आहे. तू पूर्वी कुठल्या गोळ्या घेतल्यास, हे कळलं तर त्यांना नेमकं औषध निवडता येईल. रोग लपवलास, आता गोळ्यांची नावं लपवू नकोस. घरी येऊ नकोस, थेट मुरबाडच्या दवाखान्यात ये. बाळाला यातून वाचवायला अजून वेळ आहे. त्याचा बाप म्हणून ये. नवऱ्याचं काय ते मी नंतर बघेन.

अजून तरी तुझीच,
नम्रता