तौनोच्या लग्नाबद्दल
ओब नदीकाठ, सायबेरिया

प्रिय आई,

मी मजेत आहे, खोकलाही कमी झालाय. गाय व्याली का?

माझ्या घरमालकीण ओक्सिन्या आजी पहिल्या दिवशी बोलेनातच. मी मासे साफ करायला बसले आणि सहज आपल्या फिनिशमध्ये ‘काला’ म्हणाले. त्यांच्या खांती भाषेत मासा म्हणजे ‘कुल’. हात, डोळा, रक्त, सगळ्यांची नावं तशीच जवळची निघाली. “मग पाहुणी कसली तू? सुरी नीट धर,” आजी म्हणाल्या. एकाच मुळातून निघून हजारो वर्षं दूर राहूनही दोन्ही भाषांनी एवढं जपलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्या तौनोदादाने लिहिलंय, त्याची गुनवोर स्वीडिश बोलते म्हणून तू लग्नाला नाही म्हणालीस. “माझ्या चुलीपाशी परकी भाषा नको.”

अगं, तू भाजतेस त्या पावाचं ‘लेइपॅ’ हे नाव तिच्याच पूर्वजांकडून आलंय. आई म्हणून तुला मी ‘ॲइती’ अशी जी हाक मारते, तीसुद्धा. असा शब्द कोणी बाजारातून आणत नाही. फार पूर्वी त्यांची एखादी मुलगी आपल्यात सून होऊन आली असेल आणि लेकरांनी तिला तिच्याच शब्दाने हाक मारली असेल.

तिच्या सासूने दार उघडलं, हे किती बरं झालं.

तुझी लेक,
हिल्का