लांब बोटांचा हात

१४ जून

चि. बापूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण ते रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये. वहिनीचा खोकला गेला का?

संग्रहालयाने ते खुर्चीतल्या बाईचं चित्र साफ करायला माझ्याकडे दिलं, हे तुला कळलंच. म्हणून तर चार वर्षांनी ताई आठवली. लिहितोस, 'काळवंडलेलं वार्निश काढ, डाग काढ, फक्त हाताला धक्का लावू नकोस.' वा रे पठ्ठ्या!

परवा तुझं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. चेहरा म्हणे रेनेसाँचा. सगळं मापात, उजेड खिडकीतून येतो तसाच गालावर पडलेला, बाई बसलीय तर बसलेलीच वाटते. आणि हात त्यानंतरच्या मॅनरिस्ट शैलीतला. बोटं नको तेवढी लांब, मनगट उगाच मुरडलेलं, कारण चित्रकाराला मापाचा कंटाळा आला होता, त्याला खऱ्यापेक्षा डौल हवा होता. एक शैली संपून दुसरी सुरू होते ती याच चित्रात, हा तुझा शोध. त्यावर तू मोठा झालास. सत्काराला मला पहिल्या रांगेत बसवून म्हणालास, "आमची ताई चित्रांना ठिगळं लावते." लोक हसले. मेलं, मीही हसले.

कसला कंटाळा आणि कसला डौल! बापू, तो हात मी काढलाय.

एकवीस वर्षांची होते. ओल लागून तो कोपरा पार गेला होता, चित्रं दुरुस्त करणारे बाबा तापाने आडवे, चित्र दुसऱ्या दिवशी परत द्यायचं. तू दारात चपला घालत होतास. म्हटलं, "पाच मिनिटं टेबलावर हात ठेव ना, बघून काढते." तू म्हणालास, "मला क्लासला उशीर होतोय." माणसाचं शरीर रेखाटायचा क्लास. बाबांनी तिथे तुला पाठवलं आणि मला पुट्टी मळायला बसवलं. बोट किती लांब असावं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. अंदाजाने काढलं, ते लांबलं. संध्याकाळी तू बघून म्हणालास, "हा हात आहे की झाडू?"

इतकी वर्षं मनाची समजूत घालत होते की, तू विसरला असशील. तुझ्या पत्राने तीही सोय ठेवली नाही; हातालाच धक्का नको म्हणतोस, म्हणजे तुला सगळं आठवतंय. माझं अडाणीपण तू शैली म्हणून खपवलंस, आणि ठिगळवाली मी! फार राग येतो रे. गप्प बसले ते बाबांसाठी. तुझं नाव निघालं की त्यांचा चेहरा खुलायचा. आता बाबा नाहीत.

सोमवारी सकाळी दहाला कापूस घेऊन बसणार आहे. तो हात पुसला की खाली कोरं कापड आहे, दुसरं काही नाही. अहवालात तसं लिहीन, माझ्या नावासकट. मग तिथे नवा हात काढायचा आहे, मापातला.

यायचं तर ये. या वेळी तरी पाच मिनिटं टेबलावर हात ठेव.

तुझी,
ठिगळं लावणारी ताई