दुपारची सावली कुठं पडते

अकोला,
रविवार, २९ जून २०२५

प्रिय सुभद्रा,

जय भीम. तुझा नमस्कार पोचला असं धरून चालते. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे जूनअखेर अकोल्यात माणूस जितका बरा असू शकतो तितके. पाऊस आभाळात आहे, खाली उतरायचं नाव नाही. कूलर लावायचा की खिडकी उघडायची, यावर घरात दोन पक्ष पडलेत. तिसरा पक्ष म्हणजे माझी आई. ती दोघांनाही शिव्या घालून गच्चीवर झोपते. तीच तुझी आठवण काढते. "सुभद्रा काहून येत नाई वं? भांडल्या काय तुमी?" मी म्हटलं, नाही भांडलो. ते खोटं नाही. भांडायला दोघींनी एका खोलीत असावं लागतं.

कागदावरचं पत्र पाहून दचकू नको. व्हॉट्सॲपवर तू वाचतेस आणि गप्प बसतेस, हे मला पडद्यावर दिसतं. टपालात निदान ते दिसत नाही.

शाळा या सोमवारी उघडली. हेडमास्तर खुशालराव सरांनी पोरांना गुलाबाची फुलं वाटली, फोटो काढले, फुलं परत गोळा केली आणि दुसऱ्या तुकडीला वाटली. संगणकाची खोली तू सोडून गेलीस तशीच आहे. चपला अजून बाहेर काढाव्या लागतात, कारण सरांच्या मते व्हायरस धुळीतून येतो. आपण दोघींनी भंगारात निघालेली ती यंत्रं उचलून त्यांवर फुकटचं लिनक्स टाकलं होतं ना, ती सगळी चालतात. एक सुरू होताना कण्हतं. या वयात मीही कण्हते, त्यामुळे त्याला काही बोलत नाही.

आणखी काय? हो, एक बातमी आहे. शाळेत नवीन ॲप आलंय. महिनाभर वापरून पाहायला फुकट, पुढे वर्षाची वर्गणी. तुमच्याच कंपनीचं. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल. तू शाळा सोडून तिथं शैक्षणिक सल्लागार झालीस त्याला वर्ष होत आलं. तेव्हा तुला या ॲपबद्दल मी काय सांगावं! तरी सांगते.

सातवीचा पहिला पाठ लावला. पडद्यावर संत्र्याचं झाड आलं. पान संत्र्याहून मोठं. मोर्शीच्या बागेत लहानाची मोठी झालेली बाई असं पान काढते म्हणून मी तुला किती चिडवलं होतं, आठवतं? पुढचा पाठ वाफेचा. त्यात तुझा कुकर. शिट्टी पुसून टाकली आहे, पण झाकणाचा पोचा तोच. लॉकडाऊनमध्ये तुझ्या ओट्यावर फोन टेकवून आपण जे पाठ केले, ते सगळे एकामागून एक येत गेले. आवाज तेवढा बदललाय. तू म्हणत होतीस, "आता पाहा बरं, पोट्टेहो." ही बाई म्हणते, "विद्यार्थीमित्रांनो." तिच्या घशात कधी धूळ गेली नसावी.

विकलं याचा मला राग नाही. ते पाठ मूडलवर, शाळेच्या त्या फुकट पाठशाळेवर, चढवताना परवाना आपणच लिहिला होता, मीच तुला वाचून दाखवला होता: कुणीही घ्या, वापरा, बदला, हवं तर विका, फक्त करणाऱ्याचं नाव ठेवा आणि पुढच्यालाही तसंच मोकळं द्या. आपल्या अटी दोन. दोन्ही गायब आहेत. नावाच्या जागी कंपनीचा शिक्का आणि पाठाला कुलूप.

कुलपाचं जास्त लागलं. का ते ऐक. तो सावलीचा प्रश्न आठवतो? 'भर दुपारी सावली कोणत्या दिशेला पडते?' आपण 'नेहमी उत्तरेला' हा पर्याय बरोबर धरला होता, कुठल्या तरी पुस्तकातून उचलून. गेल्या वर्षी शाळा उघडल्यावर आचल ढोणे मधल्या सुट्टीत झेंड्याच्या खांबापाशी उभी राहून ओरडली होती, "मॅडम, हे तं खिचडीच्या खोलीकडे चालली!" खिचडीची खोली दक्षिणेला. सगळा वर्ग बाहेर काढला, मी काठी रोवून पाहिली. खरंच, जेमतेम चार बोटं, पण सावली दक्षिणेला. आपल्याकडे मे संपता संपता सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैत परत येतो. नेमक्या त्याच दिवसांत विदर्भाची शाळा उघडते. आणि आपण दोन शहाण्या मास्तरणी सूर्याला नेहमीच्या कामावर लावून बसलो होतो! मी आत येऊन चहा निवायच्या आत प्रश्न दुरुस्त केला. तू नुकतीच गेली होतीस, म्हणून तुला सांगायचं राहिलं.

तुमच्या ॲपमध्ये तो जुनाच प्रश्न आहे. पोरं दक्षिण दाबतात, लाल फुली येते आणि एक रडकं तोंड. मदतीच्या नंबरावर फोन केला. "तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, मॅम." चूक माझी, सुभद्रा. आणि ती दुरुस्त करायला मला परवानगी नाही.

आता खुशालराव सर म्हणतात, संगणक तुमच्याकडे, तेव्हा ॲपचं शिफारसपत्र तुम्ही लिहा. ते गेलं की संस्थेच्या सगळ्या शाळांत, पार तेल्हाऱ्यापर्यंत, हेच घेतलं जाईल. ही ऑर्डर तुझ्या नावावर लागणार आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मला माहीत नव्हतं. आठवडाभर मी घरात एका जागी बसलेली नाही. भाजी फोडणीला टाकते आणि दार उघडायला जाते, दाराशी कुणी नसतं.

मला तुला काही विचारायचं नव्हतं. पण आपली नावं कुणी काढली, ते तुला माहीत आहे का?

तुझी,
ज्योत्स्ना


अकोला,
रविवार, १३ जुलै २०२५

सुभद्रा,

शुक्रवारी तू ॲप दाखवायला शाळेत आलीस, बोललीस आणि चार वाजताच्या बसने अमरावतीला गेलीस. त्यावर पत्र कशाला, असं वाटेल. पण त्या दिवशी मी जवळजवळ काहीच बोलले नाही, आणि मी बोलत नाही तेव्हा काहीतरी वाईट करणार असते, हे तुला माझ्या नवऱ्याइतकंच ठाऊक आहे.

आधी तुझं कौतुक. प्रात्यक्षिक तू उत्तम दिलंस. सिल्कची साडी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. पोरं तुला ओळखूनही जरा दबून होती. तू सावलीचा प्रश्न चुकवून पुढे जाशील असं मला वाटलं होतं. गेली नाहीस. प्रश्न पडद्यावर आला आणि सातवीच्या पोरांनी छप्पर उडवलं, "दक्षिणेला!" लाल फुली आली.

तेव्हाचं खुशालराव सरांचं तोंड तू पडद्याकडे पाहत होतीस म्हणून हुकलं. "अरे गधेहो, मशीन सांगून राहिली ना उत्तरेले!"

आणि आठवीतली आचल दारात उभी राहून म्हणते, "सर, मशीन बाहेर गेली नाई ना कदी."

सगळे हसले. तूही हसलीस. वर्षभरात तुझं ते हसू मी ऐकलं नव्हतं. मग सर तुला म्हणाले, "म्याडम, बदलवून टाका मंग. दोन मिनिटाचं काम." आणि तू म्हणालीस, "मला नाही बदलता येत, सर. मुख्य कार्यालयात कळवावं लागतं." ज्या बाईच्या ओट्यावर तो प्रश्न जन्मला, ती हे म्हणाली. मी मान खाली घातली. तुझी मानही खालीच होती.

मग आपण दोघी शिक्षकखोलीत चहाला बसलो. तिथलं सगळं मी पुन्हा लिहून ठेवते, कारण दोन दिवस ते माझ्या डोक्यात असंच फिरतं आहे आणि कुठं तरी उतरवल्याशिवाय थांबणार नाही.

तू म्हणालीस, "नावं मीच काढली. त्यांनी सांगितलं, गावातल्या बायांची नावं नको, शाळा पैसे देत नाहीत. आधी माझं काढलं. मंग तुझं काढाले काही वाटलं नाही."

मी म्हटलं, "विचारायचं तरी."

"तुले? तू काय म्हटलं असतं ते मले पाठ हाय. मोकळं ठेव, सगळ्यायचं आहे, वाटून टाक." कप खाली ठेवलास. "जोत्स्ना, फुकट वाटणं तुले परवडते. तुले एक तारखेले पगार येते. मी विनाअनुदानित तुकडीवर पदरचं भाडं घालून शिकवलं. आज अनुदान येईल, उद्या येईल. मी बारा वर्षं फुकटच वाटून राहिली होती नं? तुले दिसत नव्हतं काय?"

मी चहा ढवळत बसले. त्यात साखर नव्हती.

जाताना तू जिन्यावर थांबलीस आणि एवढंच म्हणालीस, "सही कर ना. तुयं काय जाते?"

तर ऐक, सुभद्रा. मी शिफारसपत्र लिहिलं आहे. आयुष्यात इतकं गोड कधी लिहिलं नव्हतं. त्यातला मजकूर असा: 'सदर पाठ अत्यंत उपयुक्त असून सर्व शाळांत वापरावेत. हे पाठ आपल्याच शाळेतील तत्कालीन शिक्षिका श्रीमती सुभद्रा वानखडे व मी तयार केलेले आहेत. मूळ पाठ, दुरुस्त्यांसह, शाळेच्या संगणकांवर आजही मोफत उपलब्ध आहेत व तसेच राहतील. तेल्हाऱ्यासह सर्व शाळांना त्याच्या प्रती देण्याची माझी तयारी आहे.'

यात एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द वाईट नाही. हे वाचल्यावर संस्था तुमच्या कंपनीला एक रुपया देणार नाही. तुझी ऑर्डर मी घालवली. हे वाक्य गोड करून लिहून पाहिलं, होत नाही.

कंपनीची तक्रार करता आली असती. परवाना मोडला आहे, वकिलाची नोटीस जाऊ शकते. केली नाही, करणारही नाही. केली तर ते पहिलं बोट तुझ्याकडे दाखवतील, आणि तुझ्या हातून काढलेली नावं तुझ्याच गळ्यात अडकतील. पण गप्प बसून सही करणंही मला जमलं नाही. तुझ्यावर रागावून नाही, एवढं मान. हे पाठ कुलपात गेले तर पुढच्या जूनमध्येही पोरं बाहेर उन्हात खरं पाहतील आणि आत येऊन रडकं तोंड बघतील, आणि काही दिवसांनी बाहेर पाहायचं सोडून देतील. त्यानं मला झोप लागत नाही. तुझ्या घरची चूल कशी पेटेल, यानंही लागत नाही. दोन्ही एकाच उशीवर.

तू जे म्हणालीस ते खरं आहे. मी 'मोकळं, मोकळं' म्हणत नाचले आणि ते मोकळं कुणाच्या अंगावर उभं होतं ते पाहिलं नाही. म्हणून शिफारसपत्राच्या खाली आणखी एक परिच्छेद आहे: पाठ मोफत असले तरी ते दुरुस्त ठेवायला, शाळाशाळांतून शिकवायला माणूस लागतो, आणि वर्गणीसाठी राखलेल्या पैशातून त्या जागेवर पगार देऊन सुभद्रा वानखडे यांना घ्यावं. मसुदा वाचून खुशालराव सर खो-खो हसले. "ज्योत्स्नाबाई, फुकटच्या वस्तूसाठी पगारी माणूस? कोणती संस्था देते?" मी म्हटलं, तुम्ही पुढे पाठवा, हसायचं काम संस्थेवर सोडा. ते कदाचित पाठवतील, कदाचित तो परिच्छेद खोडून पाठवतील. खोडतीलच असं मला वाटतं. तुला आशा लावायला हे लिहीत नाहीये. तू बारा वर्षं आशेवर काढलीस, आणखी नको.

काल मूडल उघडून प्रत्येक पाठाच्या खाली नावं तपासली. तुझं आधी, माझं नंतर. पूर्वी उलट होतं, तेव्हा ते तुला खुपत होतं का? बोलली नाहीस.

सही केलेला कागद सरांना उद्याही देता आला असता. पण बुधवारी देईन. म्हणजे हे पत्र आधी तुझ्या हातात पडेल आणि कंपनीत कुणी तुला विचारायच्या आत तुला ठाऊक असेल. मधल्या दिवसांत फोन केलास तर पहिल्या रिंगला उचलीन. शिव्या दे, मोर्शीच्या ठेवणीतल्या दे. सगळ्या ऐकून घेईन. कागद मात्र थांबवणार नाही.

आई विचारत होती, सुभद्रा अकोल्यात येऊन घरी न येता कशी गेली. मी तिला सांगितलं, बस होती. ती म्हणाली, "बसा तं रोजच असतात."

मैत्रीण म्हणून सही करायची सवय आहे. या वेळी तो शब्द तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही.

ज्योत्स्ना