आईचं शिराळं आणि माझ्या तीन आंघोळी

रत्नागिरी,
चैत्र वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या हरीचा तुमच्या लोटे गावाच्या दिशेला वळून (म्हणजे आमच्या न्हाणीकडे तोंड करून) साष्टांग नमस्कार.

भावोजींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, तेही कळव. तुझ्या भावजयीचं, नम्रताचं म्हणणं, चढताना कुरकुरला तर वात आणि उतरताना कुरकुरला तर आळस. माझी प्रकृती उत्तम आहे. निवृत्त झाल्यापासून रक्तदाब जागेवर आहे, जेवण वेळेवर होतं आणि सध्या मी दिवसातून तीन वेळा आंघोळ करतो. (का, ते पुढे येईल. तूर्त उन्हाळा हे कारण धरून चाल.) फोन न करता पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि व्हिडिओ लावला तर माझ्याकडे न बघता माझ्या मागे काय दिसतं ते बघत बसतेस. शिवाय चौतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून मी जे काही बोललो ते कर्ण्यावरून बोललो. खाजगीत बोलायची सवयच राहिली नाही. पत्रात निदान आवाज चढत नाही.

तर विषय आईच्या शिराळ्याचा. (भावोजी देशावरचे, त्यांना दोडका म्हणून सांग.) माझ्या निरोप समारंभाला सगळ्यांनी शाल-नारळ दिले आणि तू एक औषधाची बाटली दिलीस. तिच्यात चुलीतली राख आणि राखेत नऊ बिया. आईनंतर बारा वर्षं तू ते बी कंपनीच्या क्वार्टर्सच्या गॅलरीत, पत्र्याच्या डब्यात एकेक वेल लावून जगवलंस. आता तिसऱ्या मजल्यावर गेलात, तिथे ऊन येत नाही, म्हणून असेल नसेल तेवढं सगळं बी माझ्या हवाली केलंस. अट एकच होती. अक्षय्य तृतीयेला तू येणार आणि नवं बी घेऊन जाणार, कारण तुझ्या समीक्षानं खेडजवळ परसासकट घर बांधलंय आणि त्या दिवशी आळं करून लावलेला वेल कधी सरत नाही, असं आई म्हणायची. निघताना उंबऱ्यात थांबून तू म्हणालीस, "हरी, एवढं गेलं तर आईच्या हातचं काही उरलं नाही बघ." मी म्हणालो, निश्चिंत राहा. नियंत्रकानं निश्चिंत राहा म्हटलं की प्रवाशानं काय समजायचं असतं, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं.

सुरुवात मी शिस्तीत केली. परसात वाफे आखले आणि त्यांना फलाट क्रमांक दिले. एकवर शिराळी, दोनवर वांगी, तीनवर मिरची आणि लाल माठ, चारवर झेंडू आणि अबोली. पाण्याचं वेळापत्रक फळ्यावर लिहून विहिरीच्या खांबाला टांगलं. पण झाडं फळा वाचत नाहीत. नम्रता मनाला येईल तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी मनाला येईल त्या फलाटावर ओतायची आणि नेमकी तीच झाडं तरारायची, त्यामुळे माझ्या वेळापत्रकाबद्दल परसात एकंदर अनादर पसरला. माकडांसाठी मी बुजगावणं केलं. जुना खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, गळ्यात शिटी. माकडं पहिल्या दिवशी लांबून बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी टोपी घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी खराटे विकणारी गंगुबाई परसाच्या दगडी गडग्यापलीकडे थांबली आणि तिनं बुजगावण्याला भाट्याची गाडी किती वाजता, असं विचारलं. दोनदा विचारलं. ते काही बोलेना तेव्हा ती नम्रताला म्हणाली, "रिटायर झाले, पन सवय काय गेली नाय हो." (नम्रता हे वाक्य अजून रोज एकदा वापरते. मीठ मागितल्यावर मला ऐकू आलं नाही तरी वापरते.)

आता मिरकरवाडा बंदराचं प्रकरण. शेजारचे अयूबभाई तुला आठवत असतीलच, आणि त्यांची हफीजा तर तुझ्याच वर्गातली. तीस वर्षं बोटीवर काढून आलेल्या या माणसाचं परस असं आहे की नारळसुद्धा त्यांच्याकडे विचारून पडतो. पौषात त्यांनी मला गडग्यावरून सल्ला दिला की वाफ्यांना मासळीची कुटी घाला. मीठ न लावता वाळवून कुटलेली मासळी, तिच्यासारखं खत नाही. मी ऐकून घेतलं, पण पुरतं विचारलं नाही. (सल्ला घेताना खालमानेनं दोन प्रश्न विचारावे लागतात. मी नियंत्रक. मला प्रश्न विचारले जायचे.) बंदरावर गेलो आणि तिथल्या बाईला म्हटलं, ज्याचा वास सगळ्यात जास्त येतो ते द्या. तिनं विचारलं, कशाला? परसात पुरायला, असं सांगितल्यावर तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि गेल्या हंगामातले खारे बांगडे गोणीभर दिले. ते मी चारी फलाटांवर स्वतःच्या हातानं पुरले. दुसऱ्या सकाळी मांजरं आली. आमच्या आळीतली आली, वरच्या आळीतली आली, त्यातलं एक तर गळ्यात पट्टा असलेलं, चांगल्या घरचं वाटत होतं. दोन दिवस त्यांनी खणून काढलं आणि जे त्यांनी खणलं नाही ते मिठानं जाळलं. झेंडू गेला, वांगी गेली, मिरच्यांनी माना टाकल्या. नऊपैकी सहा शिराळी उगवून मांडवाला लागली होती, ती आठवड्यात वाळली.

मी रागानं गडग्याशी गेलो आणि चार माणसांच्या देखत अयूबभाईंना म्हणालो की तुमच्या सल्ल्यानं माझी बाग बुडाली. त्यांनी नारळ सोलायचा थांबवला नाही. एवढंच म्हणाले, "मी कुटी सांगितली वो. तुम्ही खारं बांगडं पुरलंत. ह्याला बाग लावणं नाय बोलत हरीभाऊ, लोणचं घालणं बोलतात." चार माणसं हसली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे माझं बंद आहे. ते रोज सकाळी "काय हरीभाऊ" म्हणतात आणि मी रोज विहिरीत बघतो.

अक्का, यापुढचा मजकूर बसून वाच. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी माघापासून टाकत आलो ते फोटो आपल्या परसाचे नाहीत. ते गडग्यालगतच्या दगडावर उभं राहून, हात लांब करून काढलेले अयूबभाईंच्या परसाचे आहेत. मोगरा त्यांचा, भेंडी त्यांची, अबोलीचा तो ताटवा हफीजाभाभींचा. एका फोटोत वाळत घातलेली चौकड्याची लुंगी आली आणि ती कुणाची, असं तू विचारलंस, तेव्हा हल्ली मी लुंगी नेसतो, असं मी लिहिलं. मग पुढच्या व्हिडिओच्या वेळी ती नेसून बसावं लागलं. (आणावी लागली, नेसावी लागली, आणि नम्रतानं नेमकी त्या वेळी मला उठून पाणी आणायला सांगितलं.) त्यांच्या मांडवावरच्या शिराळ्यांचा फोटो टाकला तेव्हा तू लिहिलंस की देठाशी अगदी तशीच वाकडी मान, हुबेहूब आईची. तुला एवढा आनंद झाला की खरं सांगायचा धीर झाला नाही. तेवढा मोतीबिंदू मात्र तपासून घे. आईनं माझं नाव हरिश्चंद्र ठेवलं ते कुठल्या भरवशावर, कुणास ठाऊक.

पण आईचं शिराळं तेव्हा गेलं नव्हतं, हे ध्यानात घे. न उगवलेल्या तिन्हींपैकी एक बी नम्रतानं उकरून न्हाणीमागे लावलं होतं, माझ्या वेळापत्रकाबाहेर. त्याचा वेल पत्र्यावर चढला. पहिलंच फळ तिनं बियाण्याला राखलं, कुणी तोडू नये म्हणून आईसारखी त्याला चिंधी बांधली, आणि फाल्गुन संपता संपता ते वाळून आत खुळखुळायला लागलं. तेवढ्यात माकडांनी वेल ओढून काढला. फळ तिनं वाचवलं आणि धूर लागून कीड पडू नये म्हणून न्हाणीतल्या चुलीवर, खिळ्याला टांगलं. त्याच खिळ्याला आजवर आपलं अंग घासायचं घोसाळं असायचं. ते पाडव्याच्या साफसफाईत तिनं फेकलं होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाडव्याचं अभ्यंगस्नान. अंगाला तेल, डोळ्यांत तेल, पाण्याला कढ. हात वर केला, खिळ्यावरची वस्तू घेतली. साल जरा कडक लागली म्हणून सोलली. आत काही वाजत होतं, घोसाळ्यात किडे झाले असं समजून दगडावर चांगलं आपटलं, काळं काळं पडलं, त्यावर दोन बादल्या ओतल्या. मग पाठ अशी घासली की काय सांगू. गेल्या कित्येक वर्षांत इतकी निर्मळ आंघोळ झाली नव्हती. बाहेर येऊन मी नम्रताला म्हणालो की हे नवं घोसाळं छान आहे, कुठून आणलंस? ती गुढीला गाठी बांधत होती. तिनं गाठी खाली ठेवली, मला न्हाणीत नेऊन तो रिकामा खिळा दाखवला आणि त्याला काय टांगलं होतं ते सांगितलं. 

आता न्हाणीचं पाणी कुठे जातं ते आठव. आपल्या बाबांनी आणि अयूबभाईंच्या वडिलांनी ठरवून दिलंय: आपल्या न्हाणीचं पाणी चरातून गडग्याखालून त्यांच्या केळींना, आणि त्यांच्या माडाचा जो नारळ आपल्या बाजूला पडेल तो आपला. पाडव्यानंतर आठ-नऊ दिवसांनी मी दगडावर उभा राहून फोटो काढत होतो, तर केळींच्या बुंध्याशी पाच कोंब. पानं ओळखीची. अक्का, मी दगडावर आपटलेलं आईचं बी चरातून तिथे पोचलं होतं. तेव्हापासून मी तीन वेळा आंघोळ करतो. उन्हं कडक आहेत, अयूबभाई केळींना दोन दिवसांआड पाणी लावतात, वेलाला ते पुरणार नाही. साबण बंद केला आहे, कोंबांना बाधेल म्हणून. (यावर नम्रताची वेगळी तक्रार आहे.) पाचही वेल आता केळीवर कंबरभर चढलेत. पण ते त्यांच्या जमिनीत आहेत, केळी साफ करताना कुणी एक कोयता फिरवला की संपलं, आणि ज्याच्याशी मी तीन महिने बोललो नाही त्याला "हे माझ्या आईचं आहे, तोडू नका" हे कुठल्या तोंडानं सांगू? रोज सकाळी ते "काय हरीभाऊ" म्हणतात. रोज सांगायचं ठरवतो. रोज विहिरीत बघतो.

बाकी सर्व ठीक. समीक्षाला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुझा,
हरी

ता. क. एक: तृतीयेला येशील तेव्हा आमच्या दारात न येता आधी हफीजाकडे जा. वर्गमैत्रीण आहे, चहा घे, मग केळींकडे बघून सहज बोलल्यासारखं कर की ही शिराळी राखा, आमच्या आईच्या जातीची दिसतात. बी धरलं की अर्धं त्यांचं. पत्र लिहायचं खरं कारण एवढंच होतं. वरचं सगळं गाळलंस तरी चालेल.

ता. क. दोन: फोटोंचं तिला बोलू नकोस. लुंगीचं तर मुळीच नको.

ता. क. तीन: खेडहून सकाळची पहिली गाडी धर. ती वेळेवर असते. निश्चिंत राहा.

वन्सं, नम्रताचा नमस्कार. पाकीट चिकटवायला मला दिलं म्हणून हे चार शब्द. ह्यांनी लिहिलंय ते खरं आहे, पण ह्यांना माहीत आहे तेवढंच खरं आहे. वाकडी मान बघून तुम्ही हफीजाभाभींना फोन केलात, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. सासूबाई म्हणायच्या ना, एका घरचं बी उंदराचं, दोन घरांचं बी पावसाचं, म्हणजे पेरणीपर्यंत टिकणारं. सासूबाईंनी वेल लावला त्या पहिल्याच वर्षी अर्धं बी गडग्यापलीकडे, अयूबभाईंच्या घरी दिलं होतं. म्हणजे ग्रुपवरच्या फोटोंत आईंचंच शिराळं होतं आणि ह्यांच्याकडून चुकून खरं बोललं गेलं. समीक्षासाठी मूठभर बी भाभींनी राखेत भरून ठेवलंय, नव्या परसाला पुरून उरेल. कोंबांना अयूबभाईंनी केव्हाच चिंध्या बांधल्यात, कोयत्याची भीती नाही. ह्यांना त्या चिंध्या दिसत नाहीत, कारण हे दगडावर चढले की आधी अयूबभाई घरात आहेत का ते बघतात. तृतीयेपर्यंत ह्यांना काही सांगू नका, अशी सगळ्यांची विनंती आहे. त्या दिवशी अयूबभाई "काय हरीभाऊ" म्हणायला सकाळी आपल्याकडेच येणार आहेत, बियांची बाटली घेऊन. तेव्हा विहिरीत बघायची सोय नसेल. तोवर चालू आहे ते चालू दे. भाभी म्हणतात, तीन आंघोळींनी केळी काय पोसली आहेत. येताना साबणाची वडी तेवढी आणा, तृतीयेच्या संध्याकाळी लागेल.