धबधब्याची खरी उंची

२ तारीख, सकाळी
राष्ट्रीय उद्यानातल्या धबधब्याच्या फलकावर उंची ६५ मीटर. साफ खोटं! कॉलेजचं तोंड न पाहता मी सगळं पुस्तकांतून शिकलो. माझ्या अंदाजाने ५७. रविवारी वरून दगड टाकून, स्टॉपवॉच लावून सिद्ध करणार. खाली साक्षीदार म्हणून मेहुणा.

२ तारीख, संध्याकाळी
ही म्हणते, दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाचा दात पाडलात, आत्ता कुठे तो बोलायला लागलाय. पुन्हा हात उचललात तर मी त्याच्याबरोबर निघून जाईन. हात उचलणार नाही. (दात आधीच हलत होता.)

५ तारीख, रविवार
सकाळी सात. गर्दी नाही, गार्ड चहाला गेलेला. मेहुण्याला डोहाच्या काठी उभा केला. दगड पडताक्षणी हातातला रुमाल सोडायचा, एवढंच काम. विचारतो, भावोजी, मला लागला तर? म्हटलं, बायकोसारखा घाबरतोस काय! ही शेजारीच होती. हे वाक्य टाळता आलं असतं.

मग मी आणि ही वर गेलो. पहिला दगड: रुमाल आधीच सोडला. गाढव. दुसरा खडकावर फुटला, कपची थेट त्याच्या कपाळात. तो आडवा. रुमाल मात्र अचूक सुटला: ३.४ सेकंद. ५७ मीटर! मी जागच्या जागी आनंदाने उडी मारली. ती नको होती, असं हिचं मत.

२१२ पायऱ्या चढून रक्तबंबाळ मेहुणा वर आला आणि त्याने माझ्या नाकावर डोकं आपटलं. मी शब्द पाळला, हात उचलला नाही. लाथ घातली. मग तो गळ्याशी, मी त्याच्या कानाला दातांनी. गार्डने दोघांनाही सारखं बडवलं. हिने छत्री मोडली ती फक्त माझ्या पाठीवर.

६ तारीख
ही भावाकडे निघून गेली. मेहुण्याला सात टाके. पाच पुरले असते.

९ तारीख
डाव्या हाताने लिहितोय. मेहुण्याकडे गेलो होतो. दाराआडून हिने विचारलं, माफी मागायला आलात ना? खरं बोलणं हा माझा स्वभाव. म्हटलं, फलक बदलण्याच्या अर्जावर साक्षीदाराची सही हवी आहे. कागद फटीतून आत सरकवला. त्याने दार लावलं. माझी बोटं अजून फटीतच होती.

उद्या पुन्हा जाईन. अर्ज नेणार नाही. नेलाच तर खिशातून काढणार नाही. निदान ती दाराशी येईपर्यंत.